गळक्या नळाला पितृपक्ष नसतो

मराठी माणूस आगाऊ नियोजन करत नाही, असं म्हणणाऱ्यानं मराठी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर पाहिलेलं नसतं. कुठलंही पान घ्या. तीन तारखेला ‘सिलिंडर लावला’, सात-आठला दुधाच्या नावानं फुली, बाराला ‘बाई खाडा’, अठराला ‘पाहुणे, १ लि. जास्त’. हे सगळं घडून गेल्यावर लिहिलेलं असतं, हे कबूल. पण सिलिंडर तीनला लावला म्हटल्यावर पुढचा कधी नोंदवायचा, बाईंचे खाडे नेमके कुठल्या वारी पडतात आणि जत्रेच्या आठवड्यात दूध किती वाढवायचं, हे सगळं त्या पानावरून कळतं. पुढचं ठरवायचं तर मागचं टिपून ठेवावं, ही विद्या आपल्या घराघरांत आहे. उंबरा ओलांडून ती दुकानात मात्र जात नाही.

दुकानात जातं ते कंटेंट कॅलेंडर. ज्यांना अजून त्याची बाधा झालेली नाही, त्यांच्यासाठी सांगतो. दुकानानं, दवाखान्यानं, क्लासनं, पोळीभाजी केंद्रानं वर्षभरात गिऱ्हाइकांसाठी कधी काय लिहायचं, कुठला फोटो टाकायचा, व्हॉट्सअ‍ॅपवर काय पाठवायचं, याचा आधीच आखून ठेवलेला तक्ता म्हणजे कंटेंट कॅलेंडर. तो एक्सेलमध्ये करतात. रकाने ठरलेले: तारीख, विषय, मजकूर, चित्र, कोण करणार, कुठे जाणार, झालं का. पहिला रकाना बारा महिने भरलेला असतो आणि शेवटचा बारा महिने कोरा. ‘कोण करणार’ या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच नाव असतं आणि ज्याचं असतं त्याला ते बहुतेक वेळा माहीत नसतं.

हा तक्ता डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जन्माला येतो. जानेवारीत रोज एक पोस्ट जाते. संक्रांतीला तिळगूळ, सव्वीस जानेवारीला तिरंगा, तोही वेळेवर. फेब्रुवारीत आठवड्याला दोन. मार्चमध्ये सीएचे फोन सुरू होतात आणि मालकाचा लेखनाचा उमाळा ओसरतो. पाडव्याला एक गुढी उभी राहते, त्यानंतर थेट दिवाळीचा आकाशकंदील. मधल्या काळात दुकान बंद पडलं की काय, अशी शंका यावी. पण तेव्हा दुकान जोरात चाललेलं असतं, म्हणून तर लिहायला वेळ नसतो.

आमच्या दाजींचं सांगलीत सॅनिटरी वेअर आणि पाइप फिटिंगचं दुकान आहे. कमोडपासून कॉकच्या वॉशरपर्यंत सगळं मिळतं. तीस वर्षं धंदा करून दाजींनी जाहिरात म्हणून एक पाटी लावली, तीही रंगाऱ्याकडून उधारी वसूल करायची राहिली होती म्हणून. पुण्याहून मॅनेजमेंट शिकून आलेल्या त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या भाच्याला, हे बघवेना. त्यानं २०२६ सालाचं कंटेंट कॅलेंडर करायला घेतलं. “मामा, तुम्ही लिहिता, जरा नजर घाला,” असं म्हणून शीट माझ्यापुढे आली. दाजी गल्ल्यावर बसून बिलं फाडत होते. त्यांनी एकदा मान वर केली, “किती पैसे लागतात याला?” एवढंच विचारलं आणि “काहीच नाही,” हे उत्तर ऐकून पुन्हा खाली घातली.

पहिल्या फेरीत भाच्यानं सण भरले होते. २०२५ ची यादी हाताशी होती, तीच जशीच्या तशी उचललेली. गणेश चतुर्थी, २७ ऑगस्ट.

“अरे, २०२६ मध्ये २७ ऑगस्ट म्हणजे रक्षाबंधनाचा आदला दिवस. गणपती १४ सप्टेंबरला आहेत.”

“मामा, एका वर्षात अठरा दिवस पुढे?”

“२०२४ ला सात सप्टेंबरला होते, ते २०२५ ला अकरा दिवस मागे आले. तेव्हा विचारलं होतंस?”

मॅनेजमेंटच्या दोन वर्षांत अधिक महिना शिकवत नाहीत, हे तेव्हा कळलं. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा अकराएक दिवसांनी तोकडं, म्हणून सण दर वर्षी मागे सरकतात. ही थकबाकी साठली की अडीच-पावणेतीन वर्षांनी एक महिना जास्तीचा घालून हिशेब पुरा करायचा. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. ‘अधिक’ हा शब्द कानावर पडताच दाजींनी पेन खाली ठेवलं. ते आमच्या घरचे जावई आहेत. “तेवढं मोठ्या अक्षरात लिही रे,” ते मुलाला म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. त्या शीटमध्ये त्यांनी रस घेतल्याचा हा पहिला प्रसंग. तेहतीस अनारसे आणि वर चांदीचं काहीतरी, हा त्या कंटेंट कॅलेंडरचा आमच्या घरावर झालेला पहिला परिणाम.

पुढची अडचण लक्ष्मीपूजनाची. २०२४ साली ३१ ऑक्टोबर की १ नोव्हेंबर, २०२५ साली २० ऑक्टोबर की २१, यावर लागोपाठ दोन वर्षं देशाचे दोन भाग झाले. उत्तरेकडचे बरेचसे आदल्या दिवशी बसले आणि आपल्याकडच्या पंचांगांनी दुसरा दिवस धरला. एक्सेलच्या एका चौकटीत एकच तारीख मावते. भाच्यानं उपाय काढला: शुभेच्छांमध्ये तारीखच लिहायची नाही. मग शिवजयंती आली. सरकारी १९ फेब्रुवारीला, तिथीनं फाल्गुन वद्य तृतीयेला. “कुठली धरायची?” असं त्यानं विचारताच दुकानात पाइप उचलणारा पोरगासुद्धा थांबून बघू लागला. दाजींनी निकाल दिला, “दोन्ही दिवशी मुजरा. यावर चर्चा नाही.” सबंध शीटमध्ये एका झटक्यात मंजूर झालेली नोंद हीच.

तारखा जमल्या, आता चित्रं. दागिन्यांच्या दुकानाला देवीचा फोटो आणि खाली हाराचा फोटो शोभून दिसतो. मिठाईवाल्याला गणपती आणि खाली मोदक. सॅनिटरी वेअरवाल्यानं काय करावं? वर कमळात बसलेली लक्ष्मी आणि खाली ‘वॉल हंग कमोडवर २० टक्के सूट’, हे चित्र भाच्यानं हौसेनं बनवलं आणि दाजींना दाखवलं. दाजींनी ते क्षणभर पाहिलं आणि दुकानातल्या देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. मग कमोड काढून तिथं वॉशबेसिन ठेवलं. बेसिनही पटेना. शेवटी नुसता नळ राहिला, कारण नळातून पाणी येतं आणि पाणी पवित्र असतं. त्यामुळे या दुकानाच्या सगळ्या सणांना आता एकच पितळी नळ आहे, दसऱ्याला आपट्याचं पान लावून.

बाकीच्यांना एवढाही विचार करावा लागत नाही, कारण शुभेच्छा आता तयार मिळतात. वर्षाच्या सगळ्या सणांचा संच घ्यायचा, कोपऱ्यात आपला लोगो चिकटवायचा. म्हणून दिवाळीच्या पहाटे तीच समई, तीच रांगोळी आणि तोच सोनेरी मजकूर दाताच्या डॉक्टरकडून येतो, सिमेंटवाल्याकडून येतो, अकरावीच्या क्लासकडून येतो आणि पतसंस्थेकडूनही येतो. उघडून कुणी बघत नाही, डिलीट मात्र सगळ्यांचं करावं लागतं. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, तर याला बहर येतो. ‘मराठी भाषा गौरव दिनाच्या हार्दीक शुभेच्छा’ असं दीर्घ ‘दी’ घालून शेकडो दुकानं एकसुरात भाषेचा गौरव करतात. १ मेला काहींना वाटतं महाराष्ट्र दिन, काहींना कामगार दिन. अडचण काहीच नाही, दोन्ही आहेत. पण एका चित्रात गेटवे ऑफ इंडिया आणि फावडं एकत्र बसवताना चित्रकाराची दमछाक होते.

सण संपले तरी शीट निम्मी रिकामी. मग भाच्याला ‘जागतिक दिन’ सापडले आणि त्याचा आनंद गगनात मावेना. ११ मार्च हा जागतिक प्लंबिंग दिन आहे, हे दाजींना तीस वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. २२ मार्च जागतिक जल दिन, १५ ऑक्टोबर जागतिक हात धुवा दिन, १९ नोव्हेंबर जागतिक शौचालय दिन, त्याला तर २०१३ पासून संयुक्त राष्ट्रांची मान्यता. सोनारानं हेवा करावा असं हे भाग्य. प्लंबिंग दिनाला नेहमीच्या प्लंबरचा दुकानात शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं ठरलं. त्याला फोन लावला. तो म्हणाला, “येतो की. पण नक्की किती वाजता ते आदल्या दिवशी सांगतो.” प्रत्येक गिऱ्हाइकाला तो हेच सांगतो, स्वतःच्या सत्काराला वेगळा नियम कशाला?

जुलै-ऑगस्टसाठी शीटमध्ये ‘मान्सून मॅजिक’ नावाची मालिका होती. चिंब सरी, वाफाळता चहा, गरम पाण्याचा शॉवर. सगळ्या पोस्ट आधीच तयार करून ठेवायच्या. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी त्या आपोआप जाणार, कुणी हात लावायचा नाही, अशी सोय असते. दाजींनी ती पानं नीट वाचली आणि शांतपणे विचारलं, “आणि त्या दिवशी आयर्विन पुलाजवळ पाणी चाळीस फुटांवर असलं तर?”

भाचा गप्प झाला. १९२९ साली कृष्णेवर बांधलेल्या त्या पुलावरचे आकडे सांगलीकराला पाठ असतात. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा सत्तावन्न फुटांच्याही वर गेली होती. लोक माडीवर सामान चढवत असताना मोबाइलवर ‘चिंब भिजण्याचा आनंद घ्या’ असं ज्या दुकानाकडून येईल, त्या दुकानात तो माणूस पुन्हा पाऊल ठेवणार नाही. आगाऊ नियोजनातला हा सगळ्यात मोठा धोका आहे. यंत्राला तारीख कळते, दिवस कळत नाही. दाजींनी नियम घातला: पावसाळ्यात आपोआप काही जायचं नाही, पाठवायचं ते नदीकडे बघून.

हे सगळं चाललं असताना गल्ल्यापुढे एक बाई उभ्या होत्या. “दादा, गीझरचं पाणी येतं, पण बारीक येतं. नवा नळ घ्यावा लागेल का?”

दाजींनी बिलावरची नजर न काढता विचारलं, “बोअरचं पाणी आहे?”

“हो.”

“नळ नको. नळाच्या तोंडाला फिरवून निघणारी जाळी असते. ती काढा, रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये टाका, सकाळी जुन्या ब्रशनं घासा. क्षार धरलाय. नाही जमलं तर जाळी घेऊन या, नवी जाळी देतो. नळ बदलायचं कारण नाही.”

बाई काहीही न घेता गेल्या. त्यांच्यामागचा माणूस रुमालात गुंडाळलेला जुना कॉक घेऊन आला होता. “असाच द्या, अर्धा इंची.” खोक्यावर १५ मिलिमीटर लिहिलेलं बघून तो बिथरला. शाळेत अर्धा इंच म्हणजे १२.७ शिकला होता तो. दाजींनी त्यालाही समजावलं की हे नावाचं माप असतं, फूटपट्टी लावून मोजायचं नसतं; अर्धा इंची मागा नाहीतर पंधरा मागा, हातात हाच पडणार. तिसऱ्यानं विचारलं, सोलरला साधी पीव्हीसी चालेल का? “चालेल की, पहिलं कडक ऊन पडेपर्यंत. गरम पाण्याला सीपीव्हीसीच घ्या आणि तिचं सोल्युशनही वेगळं घ्या.”

याच वेळी दोन हात अंतरावर भाचा लॅपटॉपसमोर कपाळाला हात लावून बसला होता. बुधवारच्या ‘टिप ऑफ द वीक’साठी त्याला विषय सुचत नव्हता.

मी त्याला किर्लोस्करवाडीची गोष्ट सांगितली, कारण ती याच जिल्ह्यातली आहे, पलूस तालुक्यातली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली तिथं कारखाना उभा केला, त्यात लोखंडी नांगर बनू लागले. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. ते होतं कारखान्याचं मासिक, गिऱ्हाइकांशी बोलणं चालू ठेवण्यासाठी काढलेलं. पुढे त्याचं ‘किर्लोस्कर’ झालं, १९३० मध्ये ‘स्त्री’ आलं, १९३४ मध्ये ‘मनोहर’. ज्या घरात नांगर नाही आणि शेतही नाही, अशा घरांतही हे अंक येऊ लागले. अमेरिकेत जॉन डिअर या कंपनीनं १८९५ मध्येच ‘द फरो’ हे शेतकऱ्यांसाठीचं नियतकालिक काढलं होतं. तेही नांगरवालेच. नांगर करणाऱ्यांनाच लिहायची एवढी खाज का, याचा विचार केला तर उत्तर सोपं आहे. लोखंडी नांगर एकदा घेतला की गिऱ्हाईक वर्षानुवर्षं परत फिरकत नाही. मधल्या काळात त्याच्याशी बोलायला त्याच्या उपयोगाचं काहीतरी हाताशी लागतं. नुसत्या ‘पाडव्याच्या शुभेच्छा’ पाठवल्या म्हणून तो नाव लक्षात ठेवत नाही.

“फ्लश टँकचंही तेच,” दाजी मध्येच म्हणाले. “एकदा बसवला की माणूस पुन्हा तोंड दाखवत नाही. दाखवलं तर शिव्या द्यायला.”

मग शीट नव्यानं झाली, यावेळी दाजींच्या तोंडून. तारखा मागे पडल्या, प्रश्न पुढे आले. हिवाळ्यात पाणी बारीक येण्याचा प्रश्न. मार्च ते मे टाकीचा: केवढी घ्यायची? शहरात माणशी रोज १३५ लिटर हे धरून चालायचं प्रमाण, म्हणजे चौघांना साडेपाचशेच्या आसपास. पाणी एक दिवसाआड येत असेल तर हजाराची टाकीही काठावर. मेच्या शेवटी गच्चीचे पाइप आणि पन्हाळी, कारण पहिला पाऊस पडल्यावर त्याविषयी लिहिणं म्हणजे वरातीमागून घोडं. पूर ओसरल्यावर टाकी कशी धुवायची, ते. गणपतीच्या महिनाभर आधी बाथरूमची दुरुस्ती, कारण ज्याला त्याला सगळं काम चतुर्थीच्या आदल्या दिवशी संपवून हवं असतं आणि प्लंबर तर एकच आहे. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई आणि नव्या घरांची कामं. नियोजन कशासाठी करायचं, हे इथं कळतं. आपल्या सोयीसाठी ते नसतंच. गिऱ्हाइकाला गरज पडते त्याच्या चार दिवस आधी आपला शब्द त्याच्याकडे पोचावा, एवढ्यासाठी ते करायचं.

भाद्रपद वद्यातले पंधरा दिवस भाच्यानं कोरे ठेवले होते. पितृपक्षात कोण खरेदी करतं?

दाजी हसले. “गळक्या नळाला पितृपक्ष नसतो. नवं कुणी घेत नाही, म्हणून त्या पंधरवड्यात लोक जुनं दुरुस्त करतात. वॉशर आणि टेफ्लॉन टेप तेव्हाच खपते. नळ सेकंदाला एक थेंब गळला तर दिवसाला वीसेक लिटर जातं, हे लिही तेव्हा. आणि वॉशर कसा बदलायचा, तेही लिही.”

“बाबा, ते सांगितलं तर लोक प्लंबरला बोलावणार नाहीत.”

“तो येतोय कुठं?”

हे सगळं एवढं उघड असूनही दुकानदार सणांचीच यादी का धरून बसतात? कारण सणांची यादी तयार मिळते आणि तिच्यात चूक निघाली तर पंचांगाची निघते. गिऱ्हाइकाचा प्रश्न मात्र आपल्याच गल्ल्यावर बसून ऐकावा लागतो. शिवाय त्याचं उत्तर द्यायला आपल्या धंद्यातलं काही यावं लागतं. बऱ्याच ठिकाणी अडचण तिथंच असते. ज्याला सांगण्यासारखं काही नाही, त्याचा तक्ता कितीही रंगीत केला तरी शुभेच्छांपलीकडे जात नाही. ज्याला सांगण्यासारखं आहे, तो दाजींसारखा दिवसभर बोलत असतो; त्याचं कुणी लिहून घेत नाही, एवढंच.

तेव्हा तुमचं दुकान कशाचंही असो, पुढच्या डिसेंबरची वाट बघू नका आणि तयार तक्ताही विकत घेऊ नका. उद्यापासून गल्ल्याजवळ दोनशे पानी वही ठेवा. गिऱ्हाइकानं काय विचारलं ते त्याच्याच शब्दांत लिहा, समोर तारीख टाका. वर्षभरात तुमचं कंटेंट कॅलेंडर आपोआप तयार होईल, आणि ते शेजारच्या दुकानाला उचलता येणार नाही. दिवाळीला शुभेच्छा आल्या नाहीत म्हणून गिऱ्हाईक तुटल्याचं अजून ऐकिवात नाही. पाणी बारीक का येतं ते कुणी सांगितलं नाही, म्हणून मात्र रोज तुटतं.